तीन दारं, एक टेबल: अभ्यासिकेच्या व्हिडिओ इंटरकॉमच्या नोंदी

९ जून २०२५

पेठांमधल्या तीन अभ्यासिका, मालक एकच. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ. पाटीवर 'चोवीस तास' लिहिलेलं असलं तरी रात्री अकरानंतर दार आतून बंद असतं. कोणी आलं की रात्रपाळीचा माणूस उठून उघडतो. तीनपैकी दोघे उन्हाळ्यात गावी गेले ते परतलेच नाहीत. उरले सदाशिव पेठेतले मामा. मालकांचं म्हणणं असं की मामांनी एका टेबलाशी बसून तिन्ही दारं सांभाळावीत. दाराशी बटण दाबलं की टेबलावर चेहरा दिसावा, बोलता यावं आणि खात्री पटली की तिथूनच कुलूप सुटावं.

मोबाईलवर वाजणारी तयार व्हिडिओ डोअरबेल मालकांनी आधीच आणून पाहिली होती. घरासाठी ती ठीक आहे. इथे मात्र दोन दारांवर एकाच वेळी माणूस उभा राहिला तर दुसऱ्याचं काय, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. शिवाय कुलपाची तार थेट बाहेरच्या डबीत जात होती, म्हणजे दोन स्क्रू काढणाऱ्याला दार खुलं. म्हणून एसआयपीवर (नेटवरून कॉल जोडायची खुली पद्धत) चालणारी डोअर स्टेशनं, म्हणजे दाराबाहेरच्या बटण-कॅमेरा-माइकच्या डब्या, घ्यायची ठरलं. उद्या कंपनी बदलली तरी बाकीचं मोडावं लागत नाही आणि कॉल जोडणारा मधला एक्सचेंज आपल्या हातात राहतो.

अंदाज लिहून दिला. तीन डोअर स्टेशनं प्रत्येकी १६,५००. चुंबकी कुलूप ब्रॅकेटसकट प्रत्येकी २,८००. बॅटरीसह १२ व्होल्टचा सप्लाय प्रत्येकी २,६००. पीओई स्विच (नेटच्या केबलमधूनच वीज देणारा) प्रत्येकी २,२००. वायरगार्ड (इंटरनेटवरून दोन जागा जोडणारा बंदिस्त बोगदा) चालेल असा छोटा राऊटर प्रत्येकी ३,०००. केबल, पाइप, फॅब्रिकेशनवाल्याची मजुरी मिळून १४,०००. टेबलावरचा स्पीकर-माइक २,४००. पीसी आणि मॉनिटर ऑफिसातले जुनेच. एक्सचेंजसाठी माझ्याकडे पडून असलेला रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक. बेरीज ९७,७००. त्यातलं 'लाखाच्या आत' एवढंच मालकांना ऐकू आलं.

१३ जून

यंदा मे संपायच्या आतच पाऊस आला, त्यामुळे बाहेरचं सगळं काम ओल्यात. नारायण पेठेतली इमारत जुनी, भिंत एवढी जाड की ड्रिलचं पातं पलीकडे पोचेना. लांब बिट भाड्याने आणलं.

डोअर स्टेशनच्या खोक्यावर पाणी-धुळीपासून संरक्षणाचा आकडा छापलेला असतो. तो डबीच्या तोंडापुरता खरा. मागून भिंतीतून येणारी केबल आणि तिचं जॅक यांना तो लागू नाही. केबल डबीत शिरण्याआधी खाली एक वळण सोडून मग वर न्यायची, म्हणजे पाणी वळणाच्या तळाशी टपकतं, जॅककडे जात नाही. भिंत आणि डबी यांमध्ये वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन भरायचं, खालची कड मोकळी ठेवायची.

उंची: पहिली डबी इलेक्ट्रिशियनने लाइटच्या बटणांच्या ओळीत बसवली. उंच मुलाची फक्त मान दिसत होती. काढून जमिनीपासून दीड मीटरला लेन्स येईल अशी बसवली.

केबल इलेक्ट्रिशियनच्या ओळखीतून आली. खोक्यावर कॅट-सिक्स लिहिलेलं, भाव जवळजवळ निम्मा.

१७ जून

कुलपाचा दिवस. यावर जास्त लिहितो, कारण ज्यांना मी हे दाखवतो ते सगळे कॅमेऱ्याबद्दल विचारतात आणि कुलपाबद्दल कोणीच नाही.

चुंबकी कुलूप ६०० पाउंडांचं, म्हणजे सुमारे २७२ किलोचं. वीज असेपर्यंत धरून ठेवतं, वीज गेली की सोडतं. अभ्यासिकेला हेच हवं. रात्री दोन वाजता आत तीस-चाळीस पोरं असतात, आणि बाहेर जायची वाट एका यंत्राच्या मर्जीवर ठेवायची नाही. दिल्लीत मुखर्जीनगरमध्ये जून २०२३ मध्ये क्लासच्या इमारतीला आग लागली तेव्हा मुलं खिडकीतून दोरांना धरून उतरली. जुलै २०२४ मध्ये जुन्या राजिंदर नगरात तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी शिरून तिघे गेले. हे दोन्ही प्रसंग मी मालकांना आठवण करून दिले आणि तीन गोष्टी अडून करून घेतल्या.

पहिली: आतून बाहेर जायचं बटण डोअर स्टेशनला किंवा एक्सचेंजला विचारत नाही. ते कुलपाच्या विजेच्या तारेतच आहे. दाबलं की वीज तुटते, दार सुटतं.

दुसरी: त्याच तारेत, दाराशेजारी, आणीबाणीत दाबायचा हिरवा डबा. किल्लीने परत वर केल्याशिवाय कुलूप पुन्हा लागत नाही.

तिसरी: बाहेरून आलेला 'उघड' हा आदेश ज्या रिलेवर (विजेने चालणाऱ्या स्विचवर) येतो ती आतल्या बाजूला. बाहेरची डबी उचकटून तारा जोडल्या तरी काही होत नाही.

सप्लायमधली बॅटरी कुलपासाठी आहे. वीज गेल्या गेल्या रस्त्यावरून कोणीही आत येऊ नये यापुरती. ती दोन तासांत संपली तर दार उघडं पडतं, आणि ते आम्हाला मान्य आहे.

फॅब्रिकेशनवाल्याने नवी पेठेत दारावरची लोखंडी पट्टी घट्ट आवळून टाकली. पट्टीमागे रबराचा वॉशर असतो तो शोभेचा नाही. पट्टी किंचित हलली पाहिजे, तरच ती चुंबकावर सपाट बसते. आवळलेली पट्टी एका कडेनेच टेकली आणि मामांनी खांद्याने ढकललं तर दार उघडलं. स्क्रू अर्धा फेरा सैल केला, मग दोघांनी मिळून ढकललं तरी हललं नाही.

२० जून

दोन्ही पालख्या पुण्यात. रस्ते बंद, सामान अडकलं. काम नाही.

२४ जून

सदाशिव पेठेच्या कनेक्शनवर स्थिर आयपी (न बदलणारा नेटचा पत्ता) घेतला, वर्षाचे ३,०००. बाकीच्या दोन ठिकाणी राऊटरला मिळालेला पत्ता १०० ने सुरू होणारा आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला. म्हणजे कंपनीने अनेक गिऱ्हाइकं एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेली. अशा ठिकाणी बाहेरून आत येताच येत नाही, पोर्ट कितीही उघडा. आतून बाहेर मात्र जाता येतं. म्हणून सदाशिव पेठ मध्यभागी आणि बाकीच्या दोघींनी तिच्याकडे यायचं, अशी रचना.

आधी एक्सचेंजशिवाय साधी चाचणी केली. डोअर स्टेशनने थेट स्थिर आयपीवर कॉल करायचा. सदाशिव पेठेच्या राऊटरवर ५०६० पोर्ट (एसआयपीचं नेहमीचं दार) टेबलावरच्या पीसीकडे वळवला, त्यावर लिनफोन हे कॉल घेणारं ॲप. नारायण पेठेत बटण दाबलं, टेबलावर वाजलं, चेहरा दिसला. सगळे खूश. पोर्ट तसाच ठेवून घरी गेलो.

२५ जून

मामांचा पहाटे फोन. "दादा, रात्रभर वाजतंय. उचललं तर कोणी नाही. काळा पडदा. एकदा १०० नंबरवरून आला, एकदा १००१ वरून." एका मुलाने त्यांना १०० म्हणजे पोलीस असं सांगून घाबरवलं होतं.

पोलीस नाहीत. इंटरनेटवर ५०६० उघडा दिसला की काही वेळातच यंत्रं येऊन टकटक करतात. फुकट फोन करता येईल असा एक्सचेंज कुठे सापडतो का, हे ती शोधत असतात. नोंदीत पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी 'फ्रेंडली-स्कॅनर' सापडलं. टेबलावरचा लिनफोन बिचारा प्रत्येकाला दार समजून वाजत होता.

पोर्ट बंद केला. तिन्ही डोअर स्टेशनांतलं 'थेट आयपीवरून आलेला कॉल घ्या' हे खूणचिन्ह काढलं. पायवर ॲस्टरिस्क हे एक्सचेंजचं सॉफ्टवेअर चढवलं, आणि सदाशिव पेठेत वायरगार्ड. बाहेरच्या जगाला आता फक्त वायरगार्डचा एक यूडीपी पोर्ट आहे, आणि किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. नारायण आणि नवी पेठेचे छोटे राऊटर दर २५ सेकंदांना एक रिकामं पाकीट पाठवून वाट जिवंत ठेवतात. ती सोय बंद ठेवली तर मधल्या कंपनीची नोंद पुसली जाते आणि टेबलावरून दाराकडे काहीच जात नाही.

सार्वजनिक फोनच्या जाळ्याशी हे कुठेही जोडलेलं नाही. तो परवान्यांचा विषय आहे आणि आम्हाला गरजही नाही.

२८ जून

एक्सचेंजमधून कॉल जाईना. बटण दाबलं की दाराशी घंटी ऐकू येते, टेबल गप्प. गंमत म्हणजे डोअर स्टेशनमध्ये व्हिडिओ बंद केला की टेबल वाजतं. चालू केला की गप्प. यात दोन संध्याकाळी गेल्या, कारण मी व्हिडिओच्या सेटिंगमध्ये शोधत होतो आणि दोष तिथे नव्हताच.

कॉल सुरू करणाऱ्या पहिल्या निरोपात डोअर स्टेशन आपल्याला येणाऱ्या सगळ्या कोडेकची (आवाज-चित्र बांधायच्या पद्धतींची) यादी लिहून पाठवतं. व्हिडिओ धरून तो निरोप वायरगार्डच्या बोगद्यात एका पाकिटात मावत नव्हता, त्याचे तुकडे होत होते, आणि दुसरा तुकडा वाटेत गळत होता. २००२ च्या एसआयपीच्या मूळ प्रमाणातच लिहिलंय की निरोप १३०० बाइटांच्या वर गेला तर यूडीपी सोडून टीसीपीसारखी वाट धरावी. डोअर स्टेशनला ते माहीत नसावं. यादीतून नको ते कोडेक काढले, आवाजाला फक्त जी.७११ ए-लॉ आणि चित्राला फक्त एच.२६४ ठेवलं, आणि निरोपांसाठी टीसीपी निवडलं. वाजलं.

ॲस्टरिस्क चित्राचं रूपांतर करत नाही, जसं येतं तसं पुढे ढकलतं. त्यामुळे दाराचं एच.२६४ टेबलाला समजणारंच हवं. त्यातलं सर्वांत साधं बेसलाइन प्रोफाइल ठेवा, वाद नाही.

१ जुलै

नवी पेठेचं डोअर स्टेशन दिवसा उत्तम. संध्याकाळी सातनंतर दर काही मिनिटांनी बंद होऊन पुन्हा सुरू. नेट, बोगदा, एक्सचेंज, सगळं तपासलं. दुपारी गेलो की दोष नाही.

अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि डबी जास्त वीज ओढते. स्विचच्या तोंडाशी १५.४ वॉट मिळतात, पण केबलमध्ये किती गळते ते केबलवर. खोक्यातली तार सोलून ब्लेडने खरवडली. वरून तांबं, आतून पांढरं. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. नवी पेठेचं अंतर सर्वांत लांब म्हणून दोष तिथे आधी दिसला. तिन्ही ठिकाणची केबल काढून शुद्ध तांब्याची टाकली. जादा ५,८०० रुपये. इलेक्ट्रिशियनशी वाद घातला नाही, खोक्यावर काय लिहिलंय ते त्याने दाखवलंच होतं.

५ जुलै

चेहरा दिसतो, बोलता येतं, दार उघडत नाही. टेबलावर # चं बटण दाबलं की आकड्याचा सूर जायला हवा. ॲस्टरिस्क तो आरटीपीच्या, म्हणजे आवाजाच्याच, प्रवाहात वेगळी खूण म्हणून पाठवत होतं, डबीला कारखान्यातून एसआयपी इन्फो या वेगळ्या निरोपाची सवय. दोन्हीकडे एकच पद्धत ठेवली की झालं.

मग दार उघडायला लागलं आणि नवा त्रास. सात-आठ वेळा उघडल्यावर आतलं रिले मॉड्यूल लटकायचं आणि दार उघडंच राहायचं. रात्री दोन वाजता रस्त्याकडे उघडं दार! चुंबकाची वीज तोडली की त्याच्या गुंडाळीतून उलटा झटका येतो. तो रिलेच्या संपर्कावर आणि शेजारून जाणाऱ्या तारांवर आदळतो. कुलपाच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड उलटा लावला, डायोडवरच्या रेघेची बाजू प्लसकडे. दोन-तीन रुपयांची वस्तू. तेव्हापासून एकदाही लटकलेलं नाही. डायोडमुळे कुलूप क्षणभर उशिरा सुटतं, म्हणून मामांना सांगितलं, "उघडलं" म्हणून लगेच ओरडू नका, एक श्वास थांबा. नाहीतर पोरं आधीच ढकलतात आणि मग म्हणतात उघडत नाही.

९ जुलै

मामा उचलतात, तीन-चार सेकंद काळा पडदा, मग चित्र. तोवर पोरगा "मामा, मामा" करून वैतागलेला. डोअर स्टेशन पूर्ण चित्र क्वचित पाठवतं, मधे फक्त बदल पाठवतं. उचलणाऱ्याला पुढच्या पूर्ण चित्राची वाट बघावी लागते. पूर्ण चित्राचं अंतर एका सेकंदावर आणलं. चित्राचा आकार १०८० वरून ४८० वर उतरवला, सेकंदाला १५ चित्रं, ५१२ केबीपीएस. मालक म्हणाले चित्र पूर्वीसारखं चकचकीत नाही. चेहरा ओळखू येतो का? येतो. विषय संपला.

आवाज मात्र तुटता कामा नये. चित्र अडखळलं तर मामा थांबतात, आवाज अडखळला तर मामा ओरडतात, आणि दाराशी रात्रीच्या शांततेत ते सगळ्या गल्लीला ऐकू जातं. दोन्ही राऊटरांवर आवाजाच्या पाकिटांना अग्रक्रम दिला.

१४ जुलै

टेबल. यंत्र जमलं, माणसाचं बसणं जमलं नव्हतं.

मामांना माउस नको. लिनफोनमधलं हिरवं बटण शोधेपर्यंत कॉल सुटतो. यूएसबीचा छोटा आकडी कीपॅड आणला, तीनच बटणं ठेवली आणि बाकीच्यांवर इन्सुलेशन टेप: उचल, दार उघड, ठेव. 'उघड'वर नेलपॉलिशचा लाल ठिपका. डोळ्यांनी न बघता हात जातो.

हेडफोन त्यांनी पहिल्याच रात्री काढून ठेवला. कान दुखतो आणि आतल्या पोरांचं ऐकू येत नाही. स्पीकर-माइकवर मामांना स्वतःचाच आवाज दाराकडून घुमून परत ऐकू येत होता. डोअर स्टेशनच्या माइकचा आवाज थोडा कमी केला आणि प्रतिध्वनी मारण्याची सोय फक्त एकाच टोकाला, दाराशी, चालू ठेवली. दोन्हीकडे चालू असली की वाक्याची सुरुवात कापली जाते. "नको उघडू" मधलं "नको" राहतं की जातं, याला इथे महत्त्व आहे.

पडद्यावर दाराचं नाव देवनागरीत येतं: 'नारायण पेठ', 'नवी पेठ'. आधी एक हार्डवेअर व्हिडिओ फोन उसना आणून पाहिला होता, त्यावर नावाच्या जागी नुसते चौकोन आले. लिनफोनवर नीट येतं. त्या एका गोष्टीवर पीसीच ठेवायचा ठरला.

दोन दारं एकदम वाजली तर दुसऱ्याला रांगेत घालून मामांच्याच आवाजातला निरोप ऐकवतो: "थांब रे, आलो, एका मिनिटात उघडतो." मोबाईलवर रेकॉर्ड केला, ८ किलोहर्ट्झ मोनो केला तेव्हाच ॲस्टरिस्कने वाजवला. आता पोरं मुद्दाम दोन बटणं एकत्र दाबून तो निरोप ऐकतात.

मामा २५ सेकंदांत न उचलल्यास कॉल मालकांच्या मोबाईलमधल्या लिनफोनवर जातो. पहिले काही दिवस गेलाच नाही, कारण रात्री फोन झोपला की अँड्रॉइड लिनफोनलाही झोपवतो. बॅटरी बचतीतून ॲप वगळलं तेव्हा वाजू लागला. मालकांची झोपमोड सुरू झाल्यापासून मामांना चहासाठी थर्मास मिळाला आहे.

१९ जुलै

रात्री नारायण पेठेत वीज गेली आणि तासाभराने आली. सगळं सुरू झालं, बोगदा मात्र उभा राहीना. सकाळपर्यंत दार टेबलाला दिसत नव्हतं.

या छोट्या राऊटरांना बॅटरीवरचं स्वतःचं घड्याळ नसतं. वीज आली की जुनी तारीख धरून उठतात. वायरगार्ड आधी पाहिलेल्या वेळेपेक्षा मागची वेळ घेऊन आलेल्याला जुनं पाकीट समजून नाकारतं. यावर उपाय म्हणून राऊटर नेटवरून वेळ घेतो. पण वेळेचा पत्ता मी सदाशिव पेठेतल्या पायचा दिला होता, जो बोगद्याच्या पलीकडे. वेळ मिळाल्याशिवाय बोगदा नाही, बोगद्याशिवाय वेळ नाही. वेळेचे पत्ते सार्वजनिक दिले. शिवाय राऊटर आणि नेटच्या डबीसाठी छोटे १२ व्होल्टचे यूपीएस, प्रत्येकी १,९००. कुलपाला बॅटरी दिली होती आणि नेटला दिली नव्हती, हे उलटं काम झालं होतं.

त्याच रात्रीमुळे आणखी एक सोय केली. एक्सचेंज सापडलं नाही तर डोअर स्टेशन स्वतःच अभ्यासिकेच्या आतला एक पिवळा दिवा लावतं. घंटी नाही, वाचणाऱ्यांना त्रास नको. दिव्याशेजारच्या बाकावर बसणाऱ्याने उठून बटण दाबायचं. त्या बाकाची फी महिन्याला १०० रुपयांनी कमी. आता त्या जागेसाठी भांडणं आहेत.

२६ जुलै

यंत्राचं नव्हे, नियमांचं भांडण. मालकांनी फी थकलेल्यांची यादी मामांच्या टेबलावर चिकटवली: यांना उघडायचं नाही. काल एक मुलगी पावणेदोनला नवी पेठेच्या दाराशी वीस मिनिटं उभी. मामांनी मला फोन केला, मालकांना नाही. मी म्हटलं उघडा.

सकाळी मालकांना सांगितलं: वसुली दिवसा करा. रात्री दोनला दाराबाहेर उभं करायचं यंत्र मी बसवलेलं नाही. ते चिडले, दुपारी यादी काढली. टेबलावर आता एकच कागद आहे. बाक क्रमांक, नाव, फोटो. चेहरा जुळला की उघडायचं. मित्र, भाऊ, "फक्त पुस्तक देऊन येतो" यांना नाही, आतल्याने बाहेर यायचं.

२ ऑगस्ट

रोजच्या सभासदांना कार्ड दिली, एकूण ६,००० रुपये. कार्डाची यादी प्रत्येक डोअर स्टेशनच्या पोटातच असते, नेट गेलं तरी दार उघडतं. टेबलावरचे कॉल एकदम निम्म्याहून कमी झाले. उरले ते कार्ड विसरलेले, डबेवाले आणि नवे. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. टेबल हे अडलेल्यासाठी असावं, रोजच्या येण्याजाण्यासाठी नाही.

मालकांनी गुपचूप फी थकलेल्यांची कार्डं बंद केली. ती पोरं बटण दाबतात, मामा चेहरा बघून उघडतात. चालू द्या.

११ ऑगस्ट

एका मुलीच्या वडिलांचा गावाहून फोन. ती रात्री किती वाजता आत येते, किती वाजता जाते, यंत्रात असेलच, पाठवा. मालक पाठवायला तयार होते. मी अडवलं. मुलगी सज्ञान आहे, तिचं तिला विचारा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, हेही मालकांच्या कानावर घातलं. त्या शब्दाचा परिणाम माझ्या बोलण्यापेक्षा जास्त झाला.

त्यानंतर दाराचे फोटो सात दिवसांनी आपोआप पुसले जातील असं केलं, आवाज साठवणं पूर्ण बंद, आणि दाराशी मराठीत पाटी: इथे कॅमेरा आहे, बोलणं रेकॉर्ड होत नाही.

२३ ऑगस्ट

ढोलपथकांचा सराव आता रात्री उशिरापर्यंत ऐकू येतो. नारायण पेठेच्या दाराचा माइक तो नदीकाठचा ठोका उचलतो आणि आपोआप आवाज वाढवण्याची सोय तोच मोठा करून मामांच्या टेबलावर ओतते. ती सोय बंद केली. आता पोरांना जवळ येऊन बोलावं लागतं. डबीखाली बाणाची खूण चिकटवली: 'इथे बोला.'

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. केळकर रस्त्याने मिरवणूक, म्हणजे नारायण पेठेचं दार त्या गर्दीच्या आणि आवाजाच्या पोटात. आधीच ठरवलं होतं की त्या रात्री इंटरकॉमवर विसंबायचं नाही. एका सभासदाला पैसे देऊन दाराच्या आत बसवलं. दुसरी भीती वेगळीच होती. दारावर गर्दीचा रेटा आला तर कुलूप धरून ठेवेल आणि काच फुटेल. म्हणून बाहेर शटर अर्धं खाली.

तरी कॉल आलेच. ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, दोन्हीकडून नुसता दणदणाट. एका पोराने मोबाईलवर मोठ्या अक्षरात बाक क्रमांक लिहून कॅमेऱ्यासमोर धरला. मामांनी कागद बघितला, लाल ठिपका दाबला. पाठोपाठ बाकीच्यांनीही तेच केलं. आवाज गेल्यावर चित्र कामाला आलं ते या एका रात्री. पहाटे चारला एकाने बाक क्रमांकाऐवजी 'मामा चहा पाठवा' लिहून धरलं.

मिरवणूक आज दुपारीही चालू आहे. शटर वर केलेलं नाही.

१४ सप्टेंबर

पितृपक्ष. वडिलांच्या तिथीसाठी मामा बार्शीला गेले. टेबलावर त्यांच्या जागी एक सभासद, रात्रीचे ४०० रुपये. यंत्र त्याला पाच मिनिटांत आलं. अडचण ही की तो सगळ्यांना ओळखतो म्हणून चेहरा न बघताच उघडतो, आणि मागून दुसरा शिरला तरी त्याच्या लक्षात येत नाही. मामा फोटोचा कागद बोटाने शोधतात, त्यात चार-पाच सेकंद जातात, आणि तेवढ्यात मागे कोण उभं आहे ते पडद्यावर दिसून जातं. नव्या मुलाला सांगितलं, ओळखत असलास तरी बोट कागदावर ने. दोन रात्री त्याने ते केलं. तिसऱ्या रात्रीचं मामा परत आल्यावर कळेल, कारण पोरं मला काही सांगत नाहीत.

एकूण खर्च आजपर्यंत: मूळ ९७,७००, केबल ५,८००, यूपीएस ५,७००, कार्डं ६,०००, दिवे ९००, स्थिर आयपी ३,०००. मिळून १,१९,१००. माझी मजुरी यात नाही, ती मालक दिवाळीनंतर देणार आहेत.

बाकी राहिलेलं: नवी पेठेच्या लेन्सवर आतून वाफ धरतेय, पाऊस थांबला की डबी उघडून सिलिका जेलची पुडी बदलायची. पायचं एसडी कार्ड काढून एसएसडी लावायची. नारायण पेठेत रस्त्यावरच्या दिव्यामुळे चेहरा काळा पडतो, डबी थोडी तिरकी करून बघायची किंवा वर छोटा पत्रा लावायचा. आणि कीपॅडवरचा लाल ठिपका पुसट झालाय.